प्लाकचे आकारमान : रोगग्रस्त धमनीच्या त्रिमितीय ऊतीविश्लेषणाची प्रस्तावना

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून वळणे घेत, फाटे फोडत, उगमाशी जेमतेम तीन-चार मिलिमीटर व्यासाच्या असतानाही सेंटिमीटरमागून सेंटिमीटर पुढे जातात, आणि त्यांच्या भिंतीत मेद, मृत पेशी, तंतू व कॅल्शियम साचून जो जाड लेप तयार होतो, ज्याला वैद्यकात ‘प्लाक’ म्हणतात, तोही धमनीच्या लांबीने पसरतो, वळणाबरोबर वळतो आणि फाट्यापाशी जाडावतो. हा लेप लांबी, रुंदी व खोली असलेली वस्तू आहे, तरीही विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात त्याचे ज्ञान मेणात बसवलेल्या ऊतीच्या पातळ आडव्या कापांवरूनच होत आले. अशा कापांची सलग रचना करून, ऊतीला पारदर्शक करून किंवा क्ष-किरणांनी तिचा न कापता वेध घेऊन प्लाकचे संपूर्ण आकारमान आणि त्यातील प्रत्येक घटकाची जागा निश्चित करण्याच्या अभ्यासाला प्लाकचे त्रिमितीय ऊतीविश्लेषण म्हणता येईल. प्लाकचा धोका त्याच्या सर्वांत जाड जागी असतोच असे नाही, तो पुष्कळदा दोन कापांच्या मधल्या न पाहिलेल्या भागात असतो, हे या अभ्यासाचे गृहीतकही आहे आणि त्याच्या गरजेचे कारणही.

निरोगी धमनीच्या भिंतीला तीन स्तर असतात. रक्ताला लागून असलेल्या अंतःस्तरावर पेशींचा एकपदरी पडदा असतो, मधल्या स्तरात अरेखित स्नायूपेशी व लवचिक पत्रे असतात, आणि बाह्यस्तरात संयोजी ऊतीबरोबरच मज्जातंतू व भिंतीला स्वतःला रक्त पुरवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. रोगाची सुरुवात अंतःस्तरात होते. रक्तातील कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण तेथे अडकतात, ते गिळण्यासाठी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी येतात, गिळून गिळून मेदाने फुगतात आणि मरतात, आणि त्यांच्या अवशेषांचा एक मऊ, पेशीहीन गाभा तयार होतो. जर्मनीतील लाइपझिगचे फेलिक्स मार्शांड यांनी 1904 मध्ये या विकाराला आज रूढ असलेले ‘अ‍ॅथेरोस्क्लेरोसिस’ हे नाव दिले, आणि 1913 मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून तो प्रयोगशाळेत निर्माण करून दाखवला. गाभ्यावर स्नायूपेशींनी विणलेले कोलॅजेन तंतूंचे एक टोपण असते, आणि रुग्णाचे भवितव्य बहुतांशी या टोपणावर अवलंबून असते, कारण ते फाटले की गाभ्यातील द्रव्य रक्ताच्या संपर्कात येते, तेथे गुठळी होते आणि ती गुठळी काही मिनिटांत धमनी बंद करू शकते. अमेरिकेत अ‍ॅलन बर्क, रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक मृत्यू आलेल्या पुरुषांच्या हृदयधमन्या तपासून 1997 मध्ये जी मापे प्रसिद्ध केली, त्यांत फाटलेल्या टोपणांची सरासरी जाडी 23 मायक्रोमीटर भरली आणि 95 टक्के टोपणे 65 मायक्रोमीटरहून पातळ निघाली. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तेव्हापासून 65 मायक्रोमीटर ही धोक्याची रेषा म्हणून जगभर वापरली जाते.

ही रेषा काचपट्टीवर मोजलेली आहे, आणि काचपट्टी किती दाखवते याचा हिशेब मांडल्याशिवाय त्रिमितीय विश्लेषणाची गरज नीट उमगत नाही. शवविच्छेदनात हृदयधमनी साधारणतः दर तीन मिलिमीटरवर आडवी छेदली जाते, प्रत्येक तुकडा पॅराफिन मेणात बसवला जातो आणि मायक्रोटोम या यंत्राने त्यातून सुमारे पाच मायक्रोमीटर जाडीचा एखादा काप घेतला जातो. तीन मिलिमीटरमध्ये असे सहाशे काप मावतात, म्हणजे तपासनीस सहाशांतील एक पाहतो आणि उरलेल्या पाचशे नव्याण्णवांविषयी अनुमान करतो. टोपणाला पडलेली चीर कित्येकदा या तीन मिलिमीटरच्या अंतराहूनही लहान असते. शिवाय काप धमनीच्या अक्षाला काटकोनात असला तरी प्लाकचा पृष्ठभाग अक्षाला समांतर असतोच असे नाही. तो चढता किंवा उतरता असला की टोपण तिरपे कापले जाते आणि आहे त्याहून जाड दिसते. साठ मायक्रोमीटर जाडीचे टोपण केवळ तीस अंशांनी कलले तरी काचपट्टीवर ते सुमारे 69 मायक्रोमीटरचे भरते, आणि धोक्याच्या रेषेअलीकडचा प्लाक नोंदीत तिच्या पलीकडे जातो. ऊती टिकवणारे फॉर्मॅलिन आणि मेण यांमुळे ऊती आक्रसते ही आणखी एक चूक, आणि ती उलट दिशेची. दोन चुका परस्परांना नेमक्या खोडून काढतील अशी आशा धरणे शास्त्राला शोभणारे नाही.

आडव्या कापांनी मोठे शोध लावून दिले आहेत, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. शिकागो येथील सेमूर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये 136 हृदयांतील डाव्या मुख्य हृदयधमनीचे काप तपासून दाखवले की प्लाक वाढू लागला की धमनी बाहेरच्या बाजूला फुगून त्याला जागा करून देते, आणि धमनीच्या आतल्या लवचिक पत्र्याने वेढलेल्या क्षेत्राचा सुमारे 40 टक्के भाग प्लाकने व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होत नाही. अँजिओग्राफीत केवळ रक्ताच्या वाटेची सावली दिसते, भिंत दिसत नाही. त्यामुळे ‘नस मोकळी आहे’ असे ऐकून घरी परतलेल्या माणसाच्या धमनीत मोठा प्लाक असू शकतो, ही आज प्रत्येक हृदयरोगतज्ज्ञाला माहीत असलेली गोष्ट त्या कापांनी सिद्ध केली. मात्र हे फुगणे एकाच धमनीत एका जागी होते आणि चार मिलिमीटरवर होत नाही, असे का, या प्रश्नाचे उत्तर सुट्या कापांत सापडत नाही. त्यासाठी ती धमनी सलग पाहावी लागते.

सलग पाहण्याचा सर्वांत जुना मार्ग कष्टाचा आहे. कॅनडातील व्हँकूवर येथे पॅरिस कॉन्स्टँटिनिडीस यांनी 1966 मध्ये हृदयधमनीतील गुठळ्यांचे एकामागून एक असे अनुक्रमिक काप घेऊन गुठळीच्या मुळाशी प्लाकमधील चिरा शोधून काढल्या. एरवीच्या एखाद-दुसऱ्या कापात त्या हुकल्या असत्या आणि गुठळी विनाकारण झाली अशी नोंद झाली असती. पुढे 1980 च्या दशकात लंडनमध्ये मायकेल डेव्हिस आणि डेन्मार्कमध्ये एर्लिंग फाल्क यांनी हाच धागा पुढे नेला, आणि हृदयविकाराच्या झटक्याचे कारण प्लाकचे फाटणे हे आहे, ही धारणा त्यातून स्थिर झाली. भारतातही ऊतीचा मागोवा तिच्या लांबीने घेण्याची दृष्टी परकी नव्हती. मुंबईच्या ग्रँट आणि सेठ गोरधनदास सुंदरदास या वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापन केलेले, भारतीय विकृतिविज्ञानाचे जनक मानले जाणारे वसंत रामजी खानोलकर यांनी कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंच्या मार्गाने कसे पसरतात याचा जो अभ्यास केला, त्यात रोगाची वाट शोधणे हाच मुख्य प्रश्न होता. या संशोधकाची ती परंपरा धमनीच्या बाबतीत तितक्या नेटाने पुढे चालवली गेली नाही, याची खंत वाटते.

अनुक्रमिक कापांपासून संगणकावर पुन्हा धमनी उभी करण्यात एक मूलभूत अडचण आहे. केळ्याच्या चकत्या करून त्या एकीवर एक नीट रचल्या, तर मूळचे वाकडे केळे सरळ होऊन बसते, कारण प्रत्येक चकती खालच्या चकतीशी जुळवताना मूळ वळण कोणते होते हे सांगणारे काहीच हाती उरत नाही. या क्षेत्रातील संशोधक या अडचणीला केळ्याच्याच नावाने ओळखतात. हृदयधमनी तर वळणांचीच बनलेली असते आणि रोगाचा वळणाशी संबंध असतो. म्हणून कापण्यापूर्वी त्याच तुकड्याचे क्ष-किरण चित्रण करून मूळ आकार नोंदवून ठेवणे आणि मग काप त्या आकारात बसवणे ही पद्धत आता आवश्यक मानली पाहिजे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अ‍ॅशली कीमेन आणि डेनिस विर्ट्झ यांच्या गटाने 2022 मध्ये स्वादुपिंडाच्या शेकडो कापांवरून, संगणकाला पेशींचे प्रकार ओळखायला शिकवून, सबंध ऊतीचा नकाशा उभा केला. साध्या, रोजच्या वापरातील हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगद्रव्यांनी रंगवलेल्या काचपट्ट्यांवर हे काम झाले ही बाब मोठी आशादायक आहे, कारण ही रंगद्रव्ये अकोल्याच्या आणि यवतमाळच्या प्रयोगशाळांतही असतात.

न कापता आत पाहण्याची कल्पनाही नवी नाही. मार्शांड ज्या लाइपझिगमध्ये काम करीत होते, त्याच शहरातील शरीररचनाशास्त्रज्ञ व्हेर्नर श्पाल्टेहोल्झ यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी संपूर्ण अवयव पारदर्शक करण्याची रीत बसवली. ऊती अपारदर्शक दिसते ती तिच्यातील पाणी, प्रथिने आणि मेद यांचे अपवर्तनांक, म्हणजे प्रकाशाला वाकवण्याची क्षमता, वेगवेगळे असल्यामुळे. पाणी काढून त्या जागी विंटरग्रीनच्या तेलातील मिथाइल सॅलिसिलेटसारखे, प्रथिनांशी जुळणाऱ्या अपवर्तनांकाचे द्रव्य भरले की प्रकाश आरपार जाऊ लागतो. श्पाल्टेहोल्झ यांनी ही रीत हृदयाच्या भिंतीतील धमन्यांसाठीच वापरली. पुढे 1984 मध्ये हार्वर्डच्या क्लिफर्ड बार्जर आणि सहकाऱ्यांनी हृदयाच्या वाहिन्यांत सिलिकोनचे द्रावण भरून, मग हृदय पारदर्शक करून, प्लाक असलेल्या जागी बाह्यस्तरातून आत शिरणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे दाट जाळे दाखवले. या वाहिन्या नाजूक असतात, फुटतात, आणि त्यांच्यातून झिरपलेल्या रक्ताने प्लाकचा गाभा वाढतो, हे पुढील संशोधनाने दाखवले. आडव्या कापात अशी वाहिनी केवळ एक ठिपका म्हणून दिसते. ती कोठून येते आणि कोठे जाते हे त्या ठिपक्यावरून कळत नाही.

आजच्या पारदर्शीकरणाला जोड मिळाली आहे ती प्रकाशपटल सूक्ष्मदर्शकाची, ज्यात ऊतीतून प्रकाशाचा अतिशय पातळ पडदा आडवा सोडला जातो आणि त्या पडद्यात जेवढे उजळते तेवढेच वरून टिपले जाते. हेन्री सीडेन्टॉप्फ आणि रिचर्ड झिग्मोंडी यांनी 1903 मध्ये वापरलेल्या या तत्त्वाला हायडेलबर्ग येथे यान हुइस्केन आणि एर्न्स्ट श्टेल्झर यांनी 2004 मध्ये सजीव ऊतींसाठी नवे रूप दिले. 2013 मध्ये स्टॅनफर्ड येथील क्वांगहुन चुंग आणि कार्ल डाइसेरॉथ यांनी मेंदूला जेलच्या जाळीत धरून त्यातील मेद साबणासारख्या द्रव्याने धुऊन काढण्याची ‘क्लॅरिटी’ ही पद्धत मांडली आणि जगभर तिचे अनुकरण झाले. प्लाकच्या अभ्यासकाने मात्र या पद्धतीकडे सावधपणे पाहिले पाहिजे. मेंदूत मेद हा दृष्टीच्या आड येणारा अडथळा असतो. प्लाकमध्ये मेद हाच रोगाचा गाभा असतो, आणि तो धुऊन टाकल्यावर जे सुंदर, पारदर्शक चित्र मिळते त्यात प्लाकचा निम्मा वृत्तांत आधीच पुसलेला असतो. पॅराफिनच्या जुन्या पद्धतीतही अल्कोहोल आणि झायलीन कोलेस्टेरॉल विरघळवून टाकतात, परंतु तेथे सुईच्या आकाराच्या रिकाम्या फटी मागे राहतात आणि अनुभवी डोळा त्या फटींवरून स्फटिकांची जागा वाचतो. कोणते द्रव्य काय नेते आणि काय ठेवते याची नोंद प्रत्येक चित्राबरोबर असणे या शाखेचा पहिला नियम ठरावा. या मर्यादेतही पारदर्शीकरणाने जे दिले आहे ते मोलाचे आहे. म्युनिक येथील सराजो मोहंता आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये उंदरांच्या महाधमनीचे असे चित्रण करून दाखवले की प्लाकच्या बाहेरच्या बाजूला, बाह्यस्तरात, मज्जातंतू आणि रोगप्रतिकारक पेशी यांचे दाट जाळे तयार होते आणि त्याचा दुवा मेंदूपर्यंत पोहोचतो. खुद्द प्लाकमध्ये मज्जातंतू जवळपास नसतात, म्हणून केवळ प्लाकच्या कापांकडे पाहणाऱ्यांना ही गोष्ट शंभर वर्षे दिसली नाही.

क्ष-किरणांचा मार्ग कॅल्शियमसाठी सर्वांत बळकट आहे. मायक्रो-सीटी या यंत्राने धमनीचा तुकडा फिरवत शेकडो क्ष-किरण चित्रे घेतली की संगणक त्यांतून सूक्ष्म घनांची, म्हणजे व्हॉक्सेलांची, रचना करतो. न्यू यॉर्क येथील शेल्डन वाइनबॉम यांच्या गटाने 2006 मध्ये गणिताने मांडले की पातळ टोपणात बसलेला कॅल्शियमचा पेशीएवढा कणही आसपासचा ताण जवळपास दुप्पट करू शकतो. असे कण खरोखर असतात, आणि पुष्कळ असतात, हे मायक्रो-सीटीने नंतर दाखवले. रुग्णालयातील सीटी यंत्राला ते दिसत नाहीत. मोठा, दगडासारखा घट्ट झालेला साठा प्लाकला कदाचित स्थिर करतो आणि धुळीसारखा विखुरलेला त्याला फोडतो, ही भेदरेषा केवळ त्रिमितीतच ओढता येते, कारण एका कापातील एकटा ठिपका हा एका मोठ्या साठ्याचे टोक आहे की सुटा कण आहे, हे तो काप सांगू शकत नाही. मऊ ऊतीसाठी फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉन या अतितीव्र क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर 2021 पासून वापरात आलेली पद्धत अधिक सूक्ष्म आहे. तिच्याद्वारे सबंध मानवी अवयव सुमारे वीस मायक्रोमीटरच्या तपशिलाने पाहून मग त्यातील निवडलेला भाग एक-दोन मायक्रोमीटरपर्यंत जवळून पाहता येतो. अशी यंत्रे जगात थोडी आहेत आणि ती प्रत्येक महाविद्यालयात येणार नाहीत.

प्लाक कोठे होतो याचे उत्तर रक्ताच्या प्रवाहात आहे. कॉलिन कॅरो आणि सहकाऱ्यांनी 1969 मध्येच सुचवले होते की जेथे वाहत्या रक्ताचे भिंतीवरील घर्षण कमी पडते, म्हणजे फाट्याच्या बाहेरच्या भिंतीवर आणि वळणाच्या आतल्या बाजूला, तेथे रोग धरतो. मानेतील धमनीच्या प्लाकचे उभे काप घेतलेल्या नेदरलँड्समधील 1998 च्या अभ्यासात प्लाकच्या वरच्या, म्हणजे प्रवाह ज्या बाजूने येतो त्या, उतारावर मॅक्रोफेज अधिक आणि खालच्या उतारावर स्नायूपेशी अधिक आढळल्या. एकाच प्लाकची दोन टोके अशी वेगळी असतात, हे आडव्या कापांच्या दप्तरात कोठेही लिहिलेले नव्हते.

हा विषय वऱ्हाडातील वाचकापुढे ठेवण्यामागे विशेष कारण आहे. 52 देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाच्या आधारे नागपूरचे डॉ. प्रशांत जोशी आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये दाखवले की दक्षिण आशियातील माणसाला हृदयविकाराचा पहिला झटका सरासरी 53 व्या वर्षी येतो, तर इतर देशांत तो जवळपास 59 व्या वर्षी येतो, आणि या फरकाचा मोठा भाग तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तातील मेदांचे प्रमाण अशा ओळखीच्या कारणांनीच समजावता येतो. परंतु लवकर येणाऱ्या या रोगाचा प्लाक ऊतीच्या पातळीवर कसा असतो, त्याचे टोपण, गाभा आणि कॅल्शियम यांचे प्रमाण काय असते, याविषयीची जगभर वापरली जाणारी मापे मुख्यतः अमेरिका आणि युरोपातील शवविच्छेदनांतून आलेली आहेत.

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या इंझोरीसारख्या गावाचा विचार केला तर हा प्रश्न ग्रंथालयाबाहेर येतो. सोयाबीन-तुरीच्या शेतात काम करता करता चाळिशीतला माणूस कोसळला, तर सर्पदंश, विजेचा धक्का, कीटकनाशकाची बाधा आणि हृदयविकार या सर्व शक्यता एकाच वेळी उभ्या राहतात. पोलीस मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद, दाखल करतात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार चौकशी सुरू होते, मानोऱ्याच्या किंवा कारंज्याच्या शासकीय रुग्णालयात शवविच्छेदन होते, व्हिसेरा, म्हणजे अंतर्गत अवयवांचे नमुने, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो आणि आवश्यक वाटल्यास हृदय फॉर्मॅलिनमध्ये बुडवून वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिविज्ञान विभागाकडे पाठवले जाते. मृत्यूच्या कारणावर त्या कुटुंबाचे पुष्कळ काही अवलंबून असते: गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे दोन लाख रुपये अपघाती मृत्यूला मिळतात, नैसर्गिक मृत्यूला मिळत नाहीत. अशा वेळी धमनीचे तीन-चार काप घेऊन ‘प्लाक आढळला’ असे लिहिणे पुरेसे नसते, कारण प्लाक त्या वयाच्या पुष्कळ माणसांत असतो आणि तो असणे म्हणजे त्याने मृत्यू होणे नव्हे. गुठळी आणि चीर सापडली की नाही, आणि सापडली नसेल तर धमनीचा किती भाग प्रत्यक्ष पाहिला गेला होता, हे अहवालात असणे हा मृताच्या कुटुंबाचा हक्क मानला पाहिजे.

ऑक्टोबर 2024 मध्ये राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांपैकी एक असलेल्या वाशिमच्या महाविद्यालयाचे उद्घाटन झाले, आणि ज्या जिल्ह्याची गणना 2018 मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांत झाली होती, तेथे शरीररचनाशास्त्राचा आणि विकृतिविज्ञानाचा विभाग उभा राहू लागला. नव्या विभागाला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. सिंक्रोट्रॉन नसतानाही तेथे करता येण्यासारखे बरेच आहे: हृदयधमनी काढताना तिची दिशा शाईने खूण करून ठेवणे, धमनी दाबरहित मिटलेल्या स्थितीत न ठेवता शक्य तेथे रक्तदाबाएवढ्या दाबाने फॉर्मॅलिन भरून तिचा खरा आकार टिकवणे, पहिला काप घेण्यापूर्वी पॅराफिनच्या ठोकळ्यांचे मायक्रो-सीटी चित्रण जेथे यंत्र असेल तेथून करून घेणे, संशयित जागी अनुक्रमिक काप घेणे, आणि प्रत्येक ठोकळा क्रमांकासह जपून ठेवणे. पॅराफिनमधील ऊती दशकानुदशके टिकते. आज ज्या यंत्राची कल्पनाही नाही त्याला उद्या तोच ठोकळा पुन्हा वाचता येईल, पण त्यासाठी तो ठोकळा सापडला पाहिजे आणि कोणत्या धमनीचा, उगमापासून किती अंतरावरचा, हे त्यावर लिहिलेले असले पाहिजे.

न्यायवैद्यक कामासाठी घेतलेली ऊती संशोधनाला आपोआप उपलब्ध होत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार नैतिकता समितीची मंजुरी आणि नातेवाइकांच्या संमतीचा विचार तेथे आवश्यक ठरतो, आणि दुःखाच्या त्या घडीला संमती कोणी, कोणत्या शब्दांत मागावी हा प्रश्न यंत्रांच्या प्रश्नाइतकाच अवघड आहे. देहदानाचा मार्ग अधिक सरळ आहे, कारण त्यात दात्याने हयातीतच निर्णय घेतलेला असतो. मात्र दाते बहुधा वृद्ध असतात, आणि या भागाला ज्या प्लाकचे ज्ञान सर्वांत अधिक हवे आहे तो चाळिशी-पन्नाशीतला प्लाक त्यांच्या धमन्यांत त्याच रूपात भेटत नाही. म्हणून पुढील प्रकरणांत शवविच्छेदनातून मिळालेली हृदयधमनी आणि शस्त्रक्रियेत मानेच्या धमनीतून अखंड काढलेला प्लाक, या दोन्हींचे विवेचन शेजारी शेजारी ठेवले आहे, आणि प्रत्येक मापाबरोबर ते कोणत्या ऊतीवर, कोणत्या द्रव्यात आणि किती अंतराने घेतले याची नोंद दिली आहे.